हरीण मोकळं, टार्गेट पक्कं! खान्देशी भात्यातले भन्नाट बाण

मित्रानं सेकंडहँड कंपाउंड बो दाखवला. कॅमोफ्लाज रंग, दोन्ही टोकांना चाकं, तीन-तीन दोऱ्या. हातात घेतला आणि डोक्यात पहिला विचार आला, ‘सातपुड्यात हरणामागे जायचं!’ थांबा भो, थांबा! बो झकास आहे, घ्यायलाही हरकत नाही. फक्त हरणाचं नाव काढायचं नाही. का नाही, आणि त्याऐवजी या बोनं काय काय धमाल करता येते, ते ऐका. भाता गच्च भरलेला आहे, एकेक बाण सोडतो.

माहीत आहे का? आपल्याकडे हरणांना कायद्याचं कवच मिळालं आणि तिरंदाजी ऑलिम्पिकमध्ये परतली, या दोन्ही गोष्टी एकाच महिन्यातल्या आहेत. सप्टेंबर १९७२! इकडे वन्यजीव संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची मोहोर उठली, तिकडे म्युनिकमध्ये पन्नासहून अधिक वर्षांच्या खंडानंतर तिरंदाज पुन्हा ऑलिम्पिकच्या मैदानात उतरले. बाणाला नवा पत्ता मिळाला आणि हरणाला जीवदान. योगायोग असावा तर असा!

बरं, या कायद्यात ‘शिकार’ म्हणजे फक्त मारणं नाही बरं का. पकडणं, फास लावणं, हाकारा घालणं, आमिष दाखवणं, हे सगळं शिकारच. एवढंच कशाला, नुसता प्रयत्न केला तरी शिकार. आणि आता खुर्ची घट्ट धरा: रानपाखराचं अंडं फोडलं किंवा घरटं विस्कटलं, तरी कायद्याच्या भाषेत ती शिकार! म्हणजे बाण चुकला म्हणून सुटलो, असं इथे होत नाही. नेम हुकला तरी गुन्हा लागलाच.

शिक्षा? २०२२च्या दुरुस्तीनंतर साधारणपणे तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. काळविटासारखा प्राणी पहिल्या अनुसूचीत असेल तर थेट तीन ते सात वर्षं आत, वर किमान २५ हजार दंड. शिवाय गुन्ह्यात वापरलेलं हत्यार आणि वाहन सरकारजमा. बो गेला, बाइक गेली, राहिली ती कोर्टाची पायरी.

‘पण आमच्या हरभऱ्यात रोही घुसतात त्याचं काय?’ हा प्रश्न खरा आहे आणि त्यामागचं दुःखही खरं आहे. रात्रभर शेतात जागणाऱ्या माणसाला कायद्याची कलमं ऐकवून भागत नाही. म्हणून सरळ सांगतो: पिकाच्या नुकसानीची भरपाई वनखात्याकडून मागता येते, आणि प्राण्याचा बंदोबस्त करायचा तर तो त्या खात्याच्या लेखी परवानगीनंच. कंपाउंड बो हे त्यावरचं उत्तर नाही.

आता एक क्विझ. रोही, काळवीट, चिंकारा. यातलं हरीण कोणतं? एकही नाही! हे तिघे कुरंग कुळातले. यांची शिंगं एकदाच येतात आणि जन्मभर टिकतात. खरी हरणं म्हणजे चितळ, सांबर, भेकर. त्यांच्या नरांची शिंगं दरवर्षी गळतात आणि पुन्हा नवी फुटतात. दरवर्षी डोक्यावर नवं मॉडेल! भेकराची तर आणखी गंमत. घाबरलं की ते चक्क कुत्र्यासारखं भुंकतं. रात्री यावलच्या जंगलाकडून भुंकणं ऐकू आलं, तर कुत्रंच असेल असं धरून चालू नका.

यावल म्हणजे जळगाव जिल्ह्यातलं, सातपुड्याच्या कुशीतलं अभयारण्य, १९६९चं. धुळ्याकडे शिरपूर तालुक्यात अनेर धरण अभयारण्य, १९८६चं. दक्षिणेला चाळीसगावच्या डोंगरात गौताळा-औट्रमघाट, तेही १९८६चं. तिन्ही बाजूंनी अभयारण्यं! कॅमेरा घेऊन खुशाल जा; बो मात्र घरी ठेवून.

आणि समजा तुम्ही अशा देशात आहात जिथे परवाना काढून धनुष्यानं हरीण मारता येतं. अमेरिकेत येतं. तरी हरीण काही कमी नाही! चांगल्या कंपाउंडचा बाण सेकंदाला ९० मीटरच्या आसपास धावतो, म्हणजे तासाला सव्वातीनशे किलोमीटर. ऐकायला भारी, पण आवाज धावतो सेकंदाला ३४० मीटर. तीस मीटरवरच्या हरणाला दोरीचा ‘टंण्ण’ आधी ऐकू येतो, बाण त्यानंतर सेकंदाच्या पाव भागानं पोचतो. तेवढ्या वेळात हरीण पळण्यासाठी खाली दबकतं आणि बाण पाठीवरून निघून जातो. आवाजानं बाणाला हरवलं!

रॉबिन हूडच्या देशात तरी चालत असेल? छे! ब्रिटनमध्ये धनुष्यानं हरीण मारणं बेकायदा आहे. शेरवुडच्या जंगलात आज रॉबिन आला, तर श्रीमंतांना लुटण्याआधी हरणाच्या केसमध्येच अडकेल.

आपला खान्देश, आपले बाण

कंपाउंड बो अमेरिकेचा, पण बाणाच्या गोष्टी हव्यात तर आपल्या मातीत खोदा. अक्षरशः खोदा! चाळीसगाव तालुक्यात पाटणे इथे पुरातत्त्वज्ञांनी खोदलं, तेव्हा काय मिळालं माहीत आहे का? शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि नक्षी कोरलेला तुकडा, साधारण २५ हजार वर्षांपूर्वीचा. होय, शहामृग! चाळीसगावात! त्या काळात आपल्या पठारावर शहामृगं हुंदडत होती आणि इथला माणूस त्यांच्या अंड्यांवर डिझाइन काढत होता. दागिने बनवणारा खान्देशी तेव्हापासूनचा.

त्याच पाटण्याजवळ पाटणादेवी. तिथे एक शिलालेख आहे, तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा. थोर गणिती भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवानं, चांगदेवानं मठ काढला, त्याची ती नोंद. आणि याच भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त एक झक्कास बाणांचं गणित आहे. अर्जुन कर्णावर चालून जातो. भात्यातले निम्मे बाण कर्णाचे बाण अडवण्यात खर्च. एकूण बाणांच्या वर्गमुळाच्या चौपट बाण घोड्यांवर. सहा शल्यावर. तीन बाणांनी छत्र, ध्वज आणि धनुष्य उडवलं. शेवटच्या एकानं कर्णाचं मस्तक. तर अर्जुनाकडे बाण होते किती?

पेन घेतलं? उत्तर: १००! निम्मे म्हणजे ५०, वर्गमूळ १० त्याची चौपट ४०, वर सहा, तीन आणि एक. बरोब्बर शंभर. बारावं शतक आणि असलं सिनेमॅटिक गणित! शाळेत नळ आणि टाकीच्या गणितांऐवजी हे दिलं असतं, तर वर्गात कोणी पेंगलं नसतं.

जळगावहून तासा-दीड तासात अजिंठा. ही लेणी जगासमोर आली कशी? शिकारीमुळे! एप्रिल १८१९मध्ये जॉन स्मिथ नावाचा ब्रिटिश लष्करी अधिकारी वाघाच्या मागावर निघाला होता. वाघूरच्या दरीपलीकडे त्याला झाडीतून दगडी कमान दिसली. शिकारीला आलेल्या माणसाला जागतिक वारसा गवसला. इतका मोठा ‘गेम’ आजवर कोणाच्या हाती लागला नसेल.

आणि त्याच अजिंठ्यात सतराव्या लेण्यात कोणती कथा रंगवली आहे? हरणाच्या मागे लागलेला राजा खड्ड्यात पडतो आणि तेच हरीण त्याला बाहेर काढतं! शरभ जातक नाव त्याचं. पहिल्या लेण्यात आणखी एक कमाल: एका स्तंभावर चार हरणं कोरली आहेत आणि चौघांत मिळून डोकं एकच. कोणत्याही हरणाकडे पाहा, डोकं त्याचंच वाटतं. शिल्पकाराला सलाम! पुढच्या वेळी गाइडच्या मागे पळू नका, त्या स्तंभापाशी पाच मिनिटं थांबा.

तीरकामठ्याचं इंजिनीअरिंग

आता खऱ्या एक्स्पर्टांकडे येऊ. सातपुड्यातल्या भिल्ल समाजाचा तीरकामठा! धनुष्य बांबूचं, हे दिसतंच. पण दोरी कशाची, माहीत आहे का? तीही बांबूची! बांबूच्या सालीची तासून काढलेली चिवट पट्टी. सगळा बो एकाच झाडातून. कंपाउंडला लागतं ॲल्युमिनियम, कार्बन, फायबरग्लास आणि सिंथेटिक धागे. इथे एक बांबू आणि एक कोयता.

बाणही सगळे सारखे नव्हेत. माशासाठी खास वेगळा तीर असे. मासा लागला की बाणाचं टोक काडीपासून सुटायचं, पण दोरीनं जोडलेलं राहायचं. काडी पाण्यावर तरंगायची आणि मासा कुठे पळाला ते दाखवायची. ट्रॅकिंग डिव्हाइस, तेही बॅटरीशिवाय!

अंगठ्याची गोष्ट तर ठाऊकच आहे. एकलव्यानं गुरुदक्षिणा म्हणून उजवा अंगठा दिला. भिल्ल समाज एकलव्याला आपला मानतो, आणि अनेक भिल्ल तिरंदाज आजही अंगठा न लावता, पहिल्या दोन बोटांनी बाण ओढतात. पुढची मजा ऐका: ऑलिम्पिकमधले रिकर्व्हवालेही, म्हणजे चाकं नसलेल्या धनुष्याचे तिरंदाजही, दोरी तीन बोटांनी ओढतात, अंगठा बाजूला! कंपाउंडमध्ये तर बोटंही नाहीत. तिथे दोरीला ‘रिलीज’ नावाचा छोटा हूक लावतात आणि बटण दाबलं की बाण सुटतो. आणि अनेक रिलीजमध्ये ते बटण दाबतं कोण? अंगठा! इतक्या युगांनंतर अंगठ्याला पुन्हा काम मिळालं.

इतिहासात डोकावायचं तर १८२५ गाठा. जेम्स औट्रम नावाचा २२ वर्षांचा लेफ्टनंट खान्देशात आला, धरणगावला तळ टाकला आणि भिल्ल तरुणांची पलटण उभी केली, खान्देश भिल्ल कोअर. ज्यांना इंग्रज बंदुकीनं नमवू शकले नव्हते, त्यांच्याशी या माणसानं ओळख वाढवली ती जंगलात सोबत शिकार करून. गौताळ्याच्या नावातला ‘औट्रमघाट’ तो याच्याच नावाचा. ज्याचं नाव शिकारीनं गाजलं, त्याच्या नावाच्या जंगलात आज शिकारीला बंदी. काळानं फिरवलेला बाण!

सगळेच भिल्ल मात्र पलटणीत रमले नाहीत. १८५७च्या उठावात खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांनी सातपुडा पेटवला. ११ एप्रिल १८५८ला आंबापाणीला मोठी लढाई झाली. समोर कंपनीची फौज होती, तरी सातपुड्याचे लोक मागे हटले नाहीत. आपल्या शाळांच्या पुस्तकांत झाशी आणि मीरत येतात, आंबापाणी फारसं येत नाही. यायला हवं. ठळक अक्षरांत यायला हवं.

आणि तीरकामठ्यावरून थेट ऑलिम्पिक? झालंय की! राजस्थानचा आदिवासी मुलगा लिंबा राम. बांबूच्या धनुष्यावर हात बसलेला, १९८७मध्ये क्रीडा प्राधिकरणानं हेरला, दुसऱ्याच वर्षी सोल ऑलिम्पिकला! १९९२मध्ये बीजिंगला आशियाई स्पर्धेत त्यानं ३० मीटरवर ३६०पैकी ३५८ गुण मारून जागतिक विक्रमाची बरोबरी केली. ३६ बाणांत फक्त दोन गुण कमी. सातपुड्याच्या पोरांनो, ऐकताय ना? बांबूच्या धनुष्यासाठी आपल्या देशात स्वतंत्र प्रकारही आहे, ‘इंडियन राउंड’. ५० आणि ३० मीटरवरून खेळायचा. सुरुवात तिथून करा, महागड्या बोची वाट पाहत बसू नका.

चाकांचा चमत्कार

कंपाउंड बो जन्मला कसा? करवतीनं! अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातल्या हॉलेस विल्बर ॲलन यांनी आपल्या धनुष्याची टोकं कापली आणि तिथे पुल्या बसवल्या. १९६६मध्ये पेटंटसाठी अर्ज, १९६९च्या डिसेंबरमध्ये पेटंट हातात. हजारो वर्षं धनुष्य म्हणजे एक काठी आणि एक दोरी. एका हौशी माणसानं विहिरीवरच्या रहाटाची पुली त्याला जोडली आणि खेळच पालटला.

या पुल्या पूर्ण गोल नसतात, मुद्दाम वाकड्या असतात. त्यांना कॅम म्हणतात. सगळी जादू त्यांच्यात. साध्या धनुष्यात जितकं ओढाल तितका जोर वाढत जातो आणि नेम धरताना हात थरथरतो. कंपाउंडमध्ये जोर आधी वाढतो आणि मग शेवटी अचानक उतरतो. ६० पाउंडांचा बो घ्या, म्हणजे २७ किलो. ओढताना रावेरच्या केळीचा भरदार घड उचलल्यासारखं वाटतं, पण ८० टक्के लेट-ऑफ, म्हणजे जोराचा उतार, असेल तर पूर्ण ओढल्यावर हातात उरतात फक्त साडेपाच किलो. घड गेला, दोन-तीन फण्या राहिल्या! मग निवांत नेम धरा.

दोरीत एक बारीक छिद्राचा मणी असतो, त्याला पीप म्हणतात. त्यातून पाहायचं. पुढच्या साइटमध्ये भिंग असतं आणि गवंड्याकडे असतो तसला पाणसळीचा बुडबुडाही! बो तिरका झाला की बुडबुडा लगेच चुगली करतो. रिकर्व्हवाल्यांना स्पर्धेत ना भिंग चालतं, ना बुडबुडा. कंपाउंडवाल्यांना सगळं अलाउड. म्हणूनच त्यांच्याकडून अपेक्षा एकच: प्रत्येक बाण दहात.

सेकंडहँड घेताय? कान टवकारा!

इथे जरा सावकाश वाचा, कारण कंपाउंड बो चुकीचा निघाला तर पैसे तर जातातच, डोळाही जाऊ शकतो.

पहिला नियम, सुवर्णाक्षरांत: बाण न लावता दोरी ओढून सोडायची नाही. कधीच नाही! बाण असला की सगळी ऊर्जा बाण घेऊन जातो. बाण नसला की ती ऊर्जा बोमध्येच उलटते. पात्या, म्हणजे बोच्या वरच्या-खालच्या वाकणाऱ्या पट्ट्या, तडकतात, कॅम वाकतो, दोरी उडते. दुकानात, दोस्ताच्या अंगणात, फोटोसाठी, कुठेच नाही. आणि विकणारा स्वतःच तुमच्यासमोर रिकामी दोरी टणकावून दाखवत असेल, तर हात जोडा आणि घरी या.

पात्यांना तडा गेलाय का, हे कसं ओळखायचं माहीत आहे का? कापसानं! वरच्या-खालच्या पात्यांवरून कापसाचा बोळा हलकेच फिरवा. कुठे धागा अडकला, तिथे फायबर उठलंय. असा बो कितीही स्वस्त असो, नको. खान्देशात कापसाला तोटा नाही, तेव्हा सबब चालणार नाही!

दोरी आणि केबल पाहा. केस उठलेत? मेण कोरडं पडलंय? दोऱ्या दोन-तीन वर्षांनी बदलायच्याच असतात, आणि त्यासाठी ‘बो प्रेस’ नावाचं यंत्र लागतं. कंपाउंडची दोरी साध्या धनुष्यासारखी गुडघ्यावर वाकवून निघत नाही. म्हणून जुना बो घेताना नव्या दोऱ्यांचा खर्च आणि प्रेसवाला माणूस, दोन्हीचा हिशोब आधीच मांडा.

आता टेप काढा. दोन्ही हात पसरून भिंतीला टेका, मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत इंचांत मोजा आणि २.५नं भागा. ६५ इंच आले? तुमची ड्रॉ लेंग्थ, म्हणजे दोरी ओढायची लांबी, २६ इंच. कंपाउंडला ही लांबी ठरलेली असते. तो आपल्या मापाचा नसला तर जगातला सर्वोत्तम बोही बिनकामाचा. काही बोंमध्ये ती स्क्रूनं कमी-जास्त होते, काहींमध्ये कॅमचा सुटा भाग बदलावा लागतो. आधी विचारा, मग किंमत काढा.

पुढचं सरप्राइज! उजव्या हाताचा बो घ्यायचा की डाव्या, हे हातावर नाही, डोळ्यावर ठरतं. दोन्ही तळहात पुढे करून मध्ये लहान खिडकी करा, दोन्ही डोळे उघडे ठेवून लांबचं झाड त्यात पकडा. आता एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला झाड अजून दिसतंय, तो तुमचा बॉस डोळा. उजव्या हातानं जेवणाऱ्या कित्येकांचा डावा डोळा बॉस निघतो!

जोर किती पेलतो, याची टेस्ट सोपी आहे. खुर्चीत बसा आणि बो सरळ समोर धरून ओढा. आकाशाकडे उंचावावा लागला तर जोर जास्त आहे. मिशीला पीळ देऊन ७० पाउंड सांगणाऱ्या मित्राकडे दुर्लक्ष करा. आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये ६० पाउंडांच्या वरचा बो मुळात चालतच नाही, आणि शिकाऱ्यांचे जुने बो अनेकदा ७०चे असतात. सेकंडहँडच्या बाजारातला हा सगळ्यात मोठा सापळा. शिवाय ते आखूड असतात, झाडीत वावरण्यासाठी बनवलेले. टार्गेटसाठी लांब बो बरा, तो हातातल्या बारीक चुका माफ करतो.

सोबत फुकट मिळालेल्या बाणांचं काय? प्रत्येक कार्बन बाण दोन्ही टोकांना धरून हलकासा वाकवा आणि कान लावा. ‘कर्र’ आवाज आला की तो बाण मोडून टाका. तडकलेला बाण सुटताना हातातच फुटू शकतो. आणि शिकारीची पातीदार टोकं असतील तर काढून ठेवा. टार्गेटवर ती चालत नाहीत.

एक खास आपल्याकडची टिप. एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावचा पारा ४५च्या पुढे जातो. बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त. अशा गाडीत दुपारभर कंपाउंड ठेवला, तर दोरी ताणून लांबते, पात्यांचे थर सुटू लागतात. बाळाला आणि बोला गाडीत सोडून जायचं नाही!

आणि मोकळ्या रानात सराव? चुकलेला बाण शेकडो मीटर जातो. मागे मातीचा उंच बांध नसेल, तर बाण भात्यातच बरा.

मराठी पोरांची कमाल

मग हरीण सोडून मारायचं तरी काय? पिवळं! ५० मीटरवर ८० सेंटिमीटरचं टार्गेट, मध्ये दहा गुणांचं वर्तुळ फक्त आठ सेंटिमीटर. बाणाला तिथे पोचायला जेमतेम अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त वेळ. पंधरा बाण, पूर्ण गुण १५०.

आणि १५०पैकी १५०? नागपूरच्या ओजस देवतळेनं मारले! कुठे? जागतिक स्पर्धेच्या फायनलमध्ये! बर्लिन, ५ ऑगस्ट २०२३. समोरच्या पोलंडच्या खेळाडूनं १४९ केले तरी हरला बिचारा. त्याच दिवशी, त्याच मैदानात साताऱ्याची अदिती स्वामी १४९–१४७नं जिंकून जगज्जेती झाली. वय? १७! आदल्या दिवशी ज्योती सुरेखा वेन्नम आणि परनीत कौर यांच्यासोबत तिनं सांघिक सुवर्णही मिळवलं होतं. जागतिक तिरंदाजी स्पर्धा १९३१पासून चालू आहे, आणि भारताचं तिथलं पहिलंवहिलं सुवर्ण म्हणजे हे सांघिक सुवर्ण.

नागपूरचा ओजस आणि साताऱ्याची अदिती, दोघांचा गुरू एकच: साताऱ्याचे प्रवीण सावंत. त्यांची अकादमी उसाच्या शेतांच्या मध्ये. अदितीचं मूळ गाव शेरेवाडी, वडील शिक्षक. काचेचे टॉवर नाहीत, परदेशी बडेजाव नाही. उसात गोडवा असतो ठाऊक होतं, जगज्जेतेही पिकतात हे साताऱ्यानं दाखवलं. जळगावच्या केळीच्या बागेशेजारी, धुळ्याच्या माळावर हे का होऊ नये? मातीचा बांध आणि एक तळमळीचा कोच, एवढ्यावर सुरुवात होते.

साताऱ्यापर्यंत जायला नको. मुक्ताईनगर ओलांडलं की बुलढाणा जिल्हा. तिथला प्रथमेश जावकर! मे २०२३, शांघायचा वर्ल्ड कप. १९ वर्षांच्या या पोरानं फायनलमध्ये १४९–१४८नं हरवलं कोणाला माहीत आहे का? नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला, ज्याचं टोपणनावच ‘मिस्टर परफेक्ट’! २०१५मध्ये इनडोअर स्पर्धेत ६०पैकी ६० बाण दहात मारून ६००पैकी ६०० करणारा जगातला पहिला माणूस तो. परफेक्टपेक्षा एक गुण जास्त, तो बुलढाण्याचा.

दम घ्या, अजून आहे! हांगझोच्या आशियाई खेळांत ओजसला एक-दोन नव्हे, तीन सुवर्णपदकं. आणि २०२५मध्ये ग्वांगजूच्या जागतिक स्पर्धेत ऋषभ यादव, अमन सैनी आणि पुण्याचा प्रथमेश फुगे यांनी फ्रान्सला २३५–२३३ हरवून भारतीय पुरुषांचं पहिलं सांघिक सुवर्ण आणलं. मराठी कंपाउंडमध्ये प्रथमेश नाव असलं की पदक कंपाउंड व्याजानं वाढतं, असं दिसतंय!

हात नसताना तिरंदाजी? होते! जम्मूच्या किश्तवाडची शीतल देवी पायानं बो धरते, खांद्याला बसवलेल्या रिलीजनं दोरी ओढते. २०२४च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये राकेश कुमारसोबत कांस्य, २०२५मध्ये पॅरा तिरंदाजीची जगज्जेती. तिच्यासारखाच हात नसलेला अमेरिकेचा मॅट स्टट्झमन. त्यानं २०१५मध्ये तब्बल २८३ मीटरवरचं टार्गेट अचूक टिपलं आणि पॅरिसमध्ये सुवर्ण जिंकलं. यांचा बो कोणता? कंपाउंडच.

पायाचाच आणखी एक विक्रम. १९७१मध्ये अमेरिकेच्या हॅरी ड्रेकनं पाठीवर झोपून, पायांनी धनुष्य रेटून बाण सोडला. गेला किती? १,८५४ मीटर! एका मैलाहूनही जास्त. आणायला कोण गेलं असेल, विचार करा.

‘तरी पण... हरीणच हवं हो!’ घ्या, तेही आहे. थ्रीडी आर्चरी! जंगलात फोमचे हुबेहूब हरीण, अस्वल, रानडुक्कर उभे करतात. अंतर सांगत नाहीत, स्वतः अंदाज बांधायचा. कंपाउंडला जास्तीत जास्त ४५ मीटर. काळजाच्या जागी मधोमध लागला तर ११ गुण, मग १०, ८, आणि अंगावर कुठेही लागला तर ५. जंगलाचा वास, चालणं, श्वास रोखणं, सगळं तेच. हरीण मात्र उद्याही जागेवरच.

शेवटचा बाण, सगळ्यात ताजा. १९७२पासून ऑलिम्पिकमध्ये फक्त रिकर्व्ह खेळला जातोय. ओजस, अदिती कितीही जगज्जेते झाले तरी त्यांना ते दार बंद होतं. २०२५च्या एप्रिलमध्ये ते उघडलं: लॉस एंजेलिस २०२८मध्ये कंपाउंडचा मिश्र सांघिक प्रकार! एक मुलगा, एक मुलगी. जागा दोनच, आणि त्यासाठी सातारा, नागपूर, बुलढाणा, पुणे आधीच रांगेत उभे आहेत. जळगाव-धुळेकर, टेप हातात आहे ना? हात पसरा, इंच मोजा, २.५नं भागा!